गोल बुडाची बादली

भावजी, आज खंडेनवमी आहे आणि आपल्या घरात यंदा सण नाही. तुम्ही श्रावणात गेलात, आता वर्षभर दाराला तोरण लागायचं नाही. झेंडूवाली सकाळी दारावरून गेली, तिने आत पाहिलं आणि न विचारता पुढे निघून गेली. हे सगळं रीतीप्रमाणे झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मागच्या अंगणातल्या त्या बादलीवरून तुमच्या दादांचं आणि माझं पंधरवडाभर बिनसलं होतं, ते आज सकाळी मिटलं. कसं मिटलं हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारे तुम्ही एकटेच होतात. ऐकून घ्यायचात आणि मग शांतपणे म्हणायचात, "वहिनी, हे सगळं चूक आहे."

मी या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत होतात आणि माझ्या रुखवतातल्या अडकित्त्याचे दोन भाग करून त्याचा खिळा कसा बसवलाय ते पाहत बसला होतात. माझी ओळख झाली ती अशी. पुढे मुंबईला जाऊन शिकलात, आणि जे शिकलात त्याला इंडस्ट्रियल डिझाइन म्हणतात असं आम्हाला कळवलंत. आपल्या भिवंडीत डिझाइन म्हणजे लुगड्याची किनार. त्यामुळे शेजारच्या काकूंनी तुम्हाला कितीतरी दिवस जरीच्या नमुन्यांबद्दल विचारलं. तुम्ही तेव्हा एका कंपनीत टेबलफॅनचं वेग कमी-जास्त करायचं बटण बनवत होतात. नुसतं बटण, तेही वर्षभर. तुमचे दादा कोर्टातल्या आपल्या कारकुनांना सांगायचे, "आमचा श्री मुंबईला पंख्याचा कान पिळतो."

ती आग लागली तेव्हा तुम्ही सुट्टीला घरी आला होतात. आपल्या अंगणाच्या मागच्या भिंतीला लागून इब्राहीमशेठचा लूमचा कारखाना, दिवसरात्र खडखडाट. आपल्या गल्लीत आवाजाने कोणाची झोप मोडत नाही, आवाज थांबला की मोडते. त्या दुपारी तो एकदम थांबला आणि मी हातातली परात खाली ठेवली. मग धूर दिसला. तुम्ही भिंतीवरून उडी मारून गेलात, पायात चप्पलही नव्हती. माणसं सगळी बाहेर आली हे नशीब. दार आत उघडणारं, त्यावर आतून माणसांचा रेटा, ते उघडता उघडेना. मुकादम पांडुरंगने खिडकीचे गज हातांनी ओढून काढले, त्याच्या तळव्यांची कातडी गजांना चिकटून राहिली. राहनाळचा माणूस तो, आजही त्याच्या मुठी पुऱ्या मिटत नाहीत.

तुम्ही परत आलात ते काजळीने काळे झालेले, आणि पहिलं काय बोललात तर, "वहिनी, तिथे बादल्या होत्या." होत्याच. आग विझवायच्या म्हणून चार लाल बादल्या भिंतीला लावलेल्या होत्या. एकीत विड्यांची थोटकं आणि पानाच्या पिंका, एक न्हाणीत गेलेली, एक चुना कालवायला, आणि जी जागेवर होती ती कोरडी. तुम्ही हे सांगताना चिडलेले नव्हतात. अडकित्त्याकडे बघताना दिसायचात तसे दिसत होतात. तेव्हाच मला कळलं की पंख्याचा कान आता सुटला.

दादांना ते कळायला वेळ लागला. मुंबईची नोकरी सोडून हा मुलगा बादल्या करणार, हे त्यांना पचेना. "लोहाराकडे शिकला असतास तरी चाललं असतं," म्हणाले. तुम्ही मात्र गोल बुडाची बादली आणलीत. ती काही तुमचा शोध नव्हता, आगीच्या बंबवाल्यांकडे असते तसलीच. जमिनीवर उभी राहत नाही म्हणून कोणी दुसऱ्या कामाला नेत नाही. तुमचं सगळं डोकं चाललं ते तिच्या आकड्यात आणि तळाच्या मुठीत. बादली कुठे टांगायची, किती उंच टांगायची, भरलेली असताना एका हाताने कशी सुटेल. त्यासाठी तुम्ही आम्हा सगळ्यांना वेठीला धरलंत. मला स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभं करून खडूने रेघा मारल्यात. "हात वर करा. आता कोपर वाकवा. पदर खांद्यावर घेऊन करा, पदराशिवाय नको." गॅलरीतून शेजारच्या काकू बघत होत्या आणि मी लाजेने अर्धी झाले होते. शेवटी आकडा माझ्या खांद्याच्या उंचीला ठरला. का, तर म्हणे, "वहिनींना जमलं तर कारखान्यात सगळ्यांना जमेल. एवढं बुटकं तिथे कोणी नाही." मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

आणि मग तुमची ती परीक्षा. डोळ्यांवर पंचा बांधायचा, बादली उतरवायची, पुन्हा टांगायची. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो, न बघता हात गेला पाहिजे, हे तुमचं पालुपद. मी तिसऱ्या खेपेला पास झाले. दादा उंच, त्यांचा हात दर वेळी आकड्याच्या वरून जायचा. भरलेली बादली त्यांच्या पायावर पडली आणि अंगठ्याचं नख काळं झालं. "तुझं खूळ माझ्या नखावर निघालं," असं म्हणून ते जे आत गेले ते पुन्हा कधी त्या आकड्याच्या वाटेला गेले नाहीत. पंचाही मागून घेतला.

आपला वाद तिथूनच सुरू झाला, भावजी, आणि तो तुम्ही जाईपर्यंत पुरला. माझं म्हणणं असं की, रोज वापरात असते तीच वस्तू अडीअडचणीला हाताशी येते. जी बादली जमिनीवर ठेवता येत नाही, ती माणसं विसरणार. तुमचं म्हणणं, रोजच्या वापरात आली की ती त्या वेळेला जागेवर नसणार. मी प्राथमिक शाळेत शिकवते, पोरांच्या कोणत्या वस्तू हरवतात आणि कोणत्या राहतात ते मला चांगलं ठाऊक आहे, असं मी सांगायची. तुम्ही म्हणायचात, पोरं काय, मोठी माणसं त्याहून वाईट.

खारबावच्या पलीकडे खाडीकाठच्या त्या गावात तुम्ही घट्ट झाकणाचं पिंप दिलंत, तेव्हा मी जिंकले असं मला वाटलं होतं. उधाणाचं पाणी घरात शिरलं की कपडे, कागद, चार दिवसांचे तांदूळ त्यात टाकायचे, दोरीने खांबाला बांधायचं, पिंप तरंगत राहील. मी म्हटलं, रिकामं ठेवायला देऊ नका, त्यांना हवं ते भरू दे, म्हणजे ते जपलं जाईल. तुम्ही पहिल्यांदाच माझं ऐकलंत. पावसाळ्यापूर्वी आपण दोघं बघायला गेलो, तर काशीबाई मोठ्या अभिमानाने पिंप दाखवायला घेऊन गेली. आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. आणि पिंपाला चहूबाजूंनी भोकं.

"भोकं कशाला पाडली, काशीबाई?" तुम्ही विचारलंत.

"कोंबरीला हवा नको का, भाऊ?" ती म्हणाली. "रोजचा वापर हाय त्याचा. तुमीच सांगलाव ना, रिकामा न्हाय ठेवायचा?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी आभाळाकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर स्टेशन येईपर्यंत तुम्ही हसत होतात, मधेच थांबायचात आणि "कोंबरीला हवा" म्हणून पुन्हा सुरू. मी ठरवलं होतं की हसायचं नाही, आणि ते मला जमलं नाही. काशीबाईला तुम्ही कोंबडीसाठी वेताची डालगी नेऊन दिलीत आणि पिंप बदलून दिलंत, हे मला पांडुरंगकडून कळलं.

मग तो पहिला दसरा. इब्राहीमशेठच्या कारखान्यात तुमच्या बादल्या लागून थोडेच महिने झाले होते. नवमीला पांडुरंगने आणि कामगारांनी लूम पुसले, हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, आणि त्याच ओघात बादल्यांनाही कुंकू लावून झेंडूचे हार घातले. तुम्ही ते पाहून तणतणत घरी आलात. "देव करून टाकला बादलीचा. आता आग लागली तर नमस्कार करत उभे राहतील."

मी पीठ मळत होते. म्हटलं, "देव केला तर निदान त्यात थुंकणार तरी नाहीत."

तुम्ही चपला घालून परत गेलात, आणि आलात तेव्हा चेहरा वेगळाच होता. बादल्या उतरवून, चिंच लावून घासलेल्या. थोटकं गेलेली, पाणी नवं, गंजलेला एक आकडा पांडुरंगने आपणहून बदललेला. पूजा करायची म्हणजे आधी वस्तू खाली घेऊन धुवावी लागते, हे तुमच्या एवढ्या शिकलेल्या डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या वर्षी तुम्ही त्याचा सोहळाच केलात. कारखान्याच्या अंगणात सुताच्या कचऱ्याचा ढीग पेटवायचा, कामगारांनी डोळ्यांवर पंचे बांधून बादल्या उतरवायच्या, धावत आणून ओतायच्या, आणि जाळ विझला की मग हळदकुंकू. आधी विझवायचं, मग पुजायचं. इब्राहीमशेठ खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "पूजा आप लोगों की, पानी सबका." त्यांच्या घरच्या पोरांना तर ईदइतकंच ते वेड. हळूहळू गल्लीतल्या घरांनी बादल्या मागून घेतल्या, मग इतर कारखाने, मग राहनाळची गोदामं. तुम्ही सायकलच्या हँडलला बादली लटकवून निघालात की लोक म्हणायचे, बादलीवाले साहेब चालले.

ही कल्पना कोणाची, यावरून आपण किती भांडलो. तुम्ही बाहेर सांगायचात की माझी, म्हणजे तुमची. मी घरात सांगायची की माझी. आता तुम्ही उत्तर द्यायला नाही, तर जाहीर करते, की माझीच.

तुमचं लग्न जमवायचा नाद मी त्याच सुमारास सोडला. ठाण्याची ती मुलगी आठवते? तिने पोहे आणले, आणि तुम्ही तिच्या वडिलांना विचारलंत, खिडकीचे गज पक्के बसवलेत की बिजागरीवर आहेत. मग तासभर दोघं खिडकीशीच उभे होतात. मुलगी आत जाऊन झोपली असावी. त्यांचा नकार आला, आणि मागाहून निरोपही आला की गजांना बिजागऱ्या लावून घेतल्या आहेत. तुम्ही खूश. मी कपाळावर हात मारला.

तुमच्या कामाची एक गंमत होती. ते नीट झालं की काही घडायचंच नाही. एकदा मी शाळेतून येताना पाहिलं तर आपली गल्ली ओली, जळक्या सुताचा वास, आणि कारखान्यात लूम चालू. पांडुरंग म्हणाला, "जरा पेटला व्हता, बाई. विझला." एवढंच. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही चहा मागितलात. त्या संध्याकाळी तुम्ही काही गुणगुणत अंगणात फेऱ्या मारत होतात, जे तुम्हाला कधीच सुरात जमलं नाही. तुम्ही सुखी माणूस होतात, भावजी. मला कोणी विचारलं तर मी तुमच्याबद्दल हेच सांगेन, बाकी काही नाही.

काविळीने तुम्हाला ठाण्याच्या दवाखान्यात नेलं तिथेही तुमचं चालूच. उशाशी ठेवलेलं स्टूल डुगडुगतं, घंटीची दोरी झोपलेल्या माणसाच्या हाताला येत नाही, मग ती आहे कोणासाठी. डोळे हळदीसारखे पिवळे, आणि बोट दोरीकडे. नर्स तुम्हाला दटावायची आणि जाता जाता दोरी खाली सोडून जायची.

तिथेच तुम्ही ते काढलंत. मी मोसंबी सोलत होते. "वहिनी, तुमच्या पद्धतीला एक भोक आहे."

"कोंबडीला हवा लागते," मी म्हटलं.

तुम्ही हसलात, पण सोडलं नाहीत. "बादल्या खाली येतात त्या नवमीला, सणासाठी. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेलं असेल त्या घरात सण नाही. म्हणजे बादली तशीच टांगलेली. वर्षभराचं पाणी, आकडा गंजून धरलेला. कारखान्याचा मालक गेला तर अख्खा कारखाना तसाच."

"पाण्याला कसलं सुतक?" मी म्हटलं. "लोकांना एवढं कळतं."

"लोक पहिलं सुतक पाण्यालाच लावतात."

नर्स आली, म्हणाली आता पुरे. मी म्हटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ग्लानी होती. आपला तो वाद तिथेच राहिला आहे, मोसंबीच्या साली मी पिशवीत टाकल्या आणि घरी आले.

तुमच्या तेराव्यानंतर मी मागच्या भिंतीकडे बघणं टाळायला लागले. बंब पेटवायला तुमचे दादा नेहमीप्रमाणे पहाटे मागे जातात, तुळशीला पाणीही तेच घालतात. मी कपडे वाळत घालायची तेसुद्धा पाठ करून. तिथे तुम्ही आकडा ठोकत उभे असाल असं वाटायचं, आणि नसायचात. मला तुमची फार आठवण येते, भावजी, हे मी घरात कोणाला म्हटलेलं नाही. म्हणायला एकच माणूस उरलंय, आणि त्याची अवस्था माझ्याहून बिकट.

पंधरा दिवसांपूर्वी इब्राहीमशेठ आणि पांडुरंग आले. बाहेरच्या खोलीत दादांसमोर बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा पांडुरंग मान खाली घालून बोलत होता. "साहेबांचा वर्स हाय. यंदा नवमीला बादल्यांना हात न्हाय लावायचा, असा ठरलाय आमचा. सगल्या कारखान्यांनी ठरवलाय."

"भाईसाहब के बग़ैर अच्छा नहीं लगेगा," इब्राहीमशेठ म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "एक साल वैसे ही रहने दो. उनकी याद में."

माझ्या हातातला ट्रे तसाच राहिला. तुमच्या मानासाठी, तुमच्याच बादल्या, जुन्या पाण्यानिशी तशाच टांगलेल्या. तुम्ही एका घराचं, एका कारखान्याचं भोक दाखवलं होतंत, हे तर अख्ख्या गावाचं. पावसाळा नुकताच सरलेला, आकडे गंजलेले असणार. पुढे दिवाळी, फटाके, आणि कारखान्यातून सगळीकडे उडणारी रुई. मी दादांकडे पाहिलं. ते नुसतं म्हणाले, "बरोबर आहे. यंदा ते काही नको."

पाहुण्यांसमोर मी बोलले नाही. ते गेल्यावर बोलले. पूजा नको, हार नको, पण पाणी तरी बदलू दे. दादा पेपरमागून म्हणाले, "यंदा ते काही नको." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विषय काढला, तर तेच वाक्य. मी म्हटलं, श्रीभावजी असते तर त्यांनी तुम्हाला वेडं म्हटलं असतं. ते उठून कोर्टात गेले, डबा न घेता. नंतर आम्ही जेवण वाढण्यापुरतंच बोलत होतो. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे पाहिलं की राग करवत नव्हता. तुम्हाला शाळेत सोडायला जायचे ते, हात धरून, असं सासूबाई सांगायच्या.

रात्री मी ठरवलं. आपल्या घरची बादली तरी मी उतरवणार. मग ती हातात घेऊन कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहणार, आणि बघू मला कोण नाही म्हणतं.

आज सकाळी ते देवपूजेला बसले तशी मी मागे गेले. पदर खोचला, हात वर केला. गंजलेला असणार म्हणून मी जोर लावला तर बादली एवढ्या अलगद सुटली की माझा तोल गेला. आकडा लख्ख, तेल लावल्यासारखा. पाणी मोरीत ओतलं आणि बघत राहिले. वर्षभराचं पाणी हिरवट असायला हवं, त्यात पावसाळ्यातले डास, पानं, काय काय. हे स्वच्छ होतं. तळाचा रंगसुद्धा दिसत होता.

मागून दादा म्हणाले, "कशाला ओतलंस? पहाटेच भरली होती."

मी वळले. सोवळ्यातच उभे होते, अर्धी पूजा टाकून.

"कोणी भरली?"

"मी. बंब पेटवतो तेव्हा भरतो."

"कधीपासून?"

ते म्हणाले, "तो गेल्यापासून. दुसरं काय करायचं त्याचं, मला समजत नव्हतं."

भावजी, मी तिथेच पायरीवर बसले. म्हटलं, "मग त्यांना का नाही म्हणालात? त्यांनाही पाणी नको का?"

"ते ढोल वाजवतील, पोरं टाळ्या पिटतील. मला नाही बघवणार ते, त्याच्याशिवाय." एवढं बोलून ते मोरीशीच थांबले, मी ओतलेल्या पाण्याकडे बघत. आत समईची वात कमी झाली असेल. मग त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली, नळाखाली धरली, भरून टांगली. सोवळं बदललं, सदरा घातला, टोपी घातली आणि चालू लागले. मी मागोमाग.

कारखान्यात लूम चालू होते. दादा दारातून आत गेले, त्या आवाजात ते पांडुरंगशी काय बोलले मला ऐकू आलं नाही. मग एकेक लूम थांबत गेला. आवाज बंद झाला तशी गल्लीतली माणसं दारात आली, आणि मी एकटीच घाबरले नव्हते. एक आकडा पांडुरंगला हातोडीने ठोकून सोडवावा लागला, दुसरा तर हातातच तुटून आला. त्या बादल्यांतलं पाणी गटारात ओतलं तेव्हा त्याचा वास गल्लीभर पसरला. इब्राहीमशेठनी नाकाला रुमाल लावला, तुटलेला आकडा हातात घेतला आणि म्हणाले, "माफ़ करना, भाईसाहब." ते तुम्हालाच म्हणाले, दादांना नाही.

हार नव्हते, ढोल नव्हता, हळदकुंकू नव्हतं. सुताचा कचरा मात्र पेटवला, ते दादांनीच सांगितलं. "विझवायचं तेवढं करा." पहिली बादली पांडुरंगने त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अशी फेकली की अर्धं पाणी जाळावर आणि अर्धं इब्राहीमशेठच्या पायजम्यावर. पोरं हसली. दादांनी मागे वळून पाहिलं, आणि तेही हसले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. पांडुरंग आता सायकल काढून बाकीच्या कारखान्यांत सांगायला गेलाय. दादांनी त्याला बजावलंय, राहनाळपर्यंत जा.

तर वाद तुम्ही जिंकलात, माझ्या पद्धतीला भोक होतं. पण ते बुजवलं आमच्या घरातल्या माणसाने, तेव्हा पुरती हार मी मानत नाही. आणि एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती, ती आता सांगते. त्या खडूच्या रेघा मी अजून पुसलेल्या नाहीत. दिवाळीला चुना लावताना तेवढी भिंत मी सोडून देते. गावात एवढ्या बादल्या टांगल्या आहेत आणि सगळ्या माझ्या खांद्याच्या उंचीला, या गोष्टीचा मला फार आनंद आहे. तेव्हा दोन दिवस बोलले नाही म्हणून सांगायचं राहून गेलं.

आणखी एक राहिलं. सकाळी नळाखाली बादली भरल्यावर दादा मला विचारत होते, माझ्या चपला कुठे ठेवल्यास. मी सांगत होते, दाराशी आहेत. तेवढ्यात त्यांनी बादली टांगली. भरलेली, एका हाताने, पाण्याचा थेंबही न सांडता. तेव्हा ते माझ्याकडे बघत होते, भावजी. आकड्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.